डावा कौल

पहिला कौल डावा पडला तेव्हा मला हसू आलं. दुसराही डावाच पडला, दिगूनं माझ्याकडे बघितलं, आणि मग मात्र ते हसू तोंडातच राहिलं.

मी काशीराम मेस्त्री, भजनी बुवा. पेटी माझी, पखवाज दिगू चिंदरकराचा, आणि झांजा ज्या गावात जाऊ तिथल्या माणसांच्या हातात. एवढ्या लवाजम्यावर आम्ही दोघांनी उभा तालुका पायाखाली घातला होता. भजनं सगळे बुवा म्हणतात तीच म्हणायचो, पण शेवटचा गजर माझा स्वतःचा असायचा. डोंगरात खाण सुरू झाल्यापासून लाल चिखल खाली उतरून भातशेतीत बसत होता. व्हाळ, म्हणजे आमच्याकडचा ओढा, बारा महिने तांबडा वाहू लागला होता. त्याच्यावर मी गाणं बांधलं होतं:

व्हाळ माझो तांबडो झालो,
कोणी गो धुतल्यान कोयतो?

लोकांना वाटायचं, बुवा आता खाणवाल्यांना शिव्या घालणार. पण शेवटच्या कडव्यात मी दोन्ही बाजूंना एका पंगतीत बसवायचो. डंपरार बसता तो माझो भाव, शेतात रापता तो माझो भाव, दोघांच्या ताटार एकच धूळ, आवशीन, म्हणजे आईनं, कोणाचा पुसूचा? हे कडवं आलं की कितीही भांडकुदळ गाव असो, थोडा वेळ गप्प व्हायचं. त्या गप्प होण्याचा मला फार गर्व होता, आजही आहे.

त्या शनिवारी मला चिरेगाळात गायचं होतं. तिथल्या एका वाडीचे डंपर खाणीवर होते, दुसरी वाडी रस्ता अडवून बसायची. मारामारी झाली, डोकी फुटली, आणि तेव्हापासून एका वाडीतलं माणूस गेलं तरी दुसऱ्या वाडीतलं कोणी खांदा द्यायला येत नव्हतं. मी महिनाभर खेपा घालून दोन्ही वाड्यांना एका मांडवात बसायला कबूल करून घेतलं होतं. अट एकच, भजन काशीबुवाचं. बुवा आला नाही तर एकमेकांची तोंडं बघायला आम्ही बसणार नाही, असं दोघांनीही सांगितलं होतं. वाटेत गुरुवारी कुंभगाळच्या रवळनाथाच्या देवळात शेतकऱ्यांनी भजनाला बोलावलं, म्हणून आम्ही तिथे थांबलो.

पखवाजाला कणीक लावून होत नाही तोच उमेश धुरी आला. धुरी हे त्या देवळाचे मानकरी. उमेशचे स्वतःचे डंपर खाणीवर चालत होते, आणि त्याच्यामागे त्याचे चार ड्रायव्हर उभे होते. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. भजन खुशाल म्हणा म्हणाला, पण ते व्हाळाचं गाणं देवाला विचारल्याशिवाय नको.

"विचारा की," मी म्हटलं. "देव काय खाणीचो भागीदार आसा?"

लोक हसले. ड्रायव्हर हसले नाहीत. माझी जीभ तेव्हा अशीच होती, पेटीवर हात फिरवायच्या आधी सूर लावणारी.

शाणू गुरव पुढे झाला. वाळकासा, कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे देवाला प्रश्न विचारायचा तर मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली करून एकेक पाकळी चिकटवतात. उजवीकडची आधी सुटली तर देवाचा होकार, डावीकडची सुटली तर नकार. याला कौल म्हणतात, आणि आमच्याकडे सोयरिकीपासून विहीर खणण्यापर्यंत सगळं या कौलावर ठरतं. शाणूनं अबोलीच्या पाकळ्या लावल्या. डावीकडची पडली.

मी म्हटलं, ठीक आहे, देवाची इच्छा. आम्ही निघतो, चिरेगाळला दोन दिवस आधीच जाऊन बसू.

तेव्हा शाणू आमच्याकडे पाठ करूनच बोलला. "बुवा देवाच्या दारात इलेले पावणे. तेंका जावक देवचा की नाय, ताय विचारूक होया."

असलं काही कोणी कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. पण विचारू नका असं तरी कोण म्हणणार? उमेशला तर गंमतच वाटली असावी, त्यानं मान हलवली. पाकळ्या लागल्या. बराच वेळ दोन्ही तशाच राहिल्या आणि मग डावी सुटली.

म्हणजे ते गाणं गायचंही नाही आणि जायचंही नाही.

आता कोणी म्हणेल, उठायचं आणि चालू लागायचं, दोरीनं थोडंच बांधलं होतं. पण मी देवाच्या दारात देवाचं नाव घेऊन पोट भरणारा माणूस. रवळनाथाचा कौल मोडून बुवा पळाला, ही बातमी माझ्याआधी गावोगाव पोचली असती. मग मला कुठल्या देवळाची पायरी चढू दिली असती? आणि खरं सांगायचं तर ती पाकळी पडताना बघून माझ्याही अंगावर काटा आला होता.

आम्हाला देवळाच्या बाजूच्या धर्मशाळेत जागा दिली. शाणूची बायको, तिला सगळे सुलोचनावैनी म्हणत, दोन वेळा पेज आणि लोणच्याची फोड आणून ठेवायची. लोक येऊन बसायचे, आमच्याकडे बघायचे. व्हाळाचा कसला तां गाणा आसा, असं हळूच विचारायचे. मी हात जोडायचो. गाणं ओठांवर असून तोंड मिटून बसायचं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. बाहेर देवळाच्या आवारापलीकडे रस्त्याला डंपरांची रांग सुरू व्हायची. त्यांची धूळ पेजेवर येऊन बसायची.

शुक्रवारी सकाळी शाणूनं पुन्हा कौल लावला. डावा. माझं डोकं फिरलं. हा गुरव उमेशनं विकत घेतला आहे, यात मला शंका उरली नाही. शाणू माझ्या नजरेला नजर देत नव्हता, पाकळ्या लावून झाल्या की हात धोतराला पुसायचा आणि गाभाऱ्यात निघून जायचा. त्या चोरट्या चालीचा मला इतका राग आला की मी दिगूला म्हटलं, उचल पखवाज.

गावाची हद्द व्हाळाशी संपत होती. व्हाळावर लाकडी साकव, आणि साकवाच्या तोंडाशी सुलोचनावैनी डोक्यावर हंडा घेऊन उभी. खाली पाणी नव्हतंच म्हणा, नुसता लाल गाळ सरकत होता. ती लांबच्या विहिरीवरून पाणी घेऊन येत होती.

"बुवांनू, कौल नाय," ती म्हणाली.

"आणि गेलंय तर?"

"तर जावा. मी काय तुमका धरून ठेवतलंय?"

आणि ती बाजूला झाली. हंडा सावरत, साकवाच्या कडेला, मला वाट मोकळी करून.

तिनं अडवलं असतं तर मी भांडलो असतो, वरचढ बोलून पलीकडे गेलोही असतो. पण मोकळ्या वाटेवर माझा पाय उचलेना. दोन फळ्यांवर पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. परत येताना दिगू, पखवाज या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, म्हणाला की इतकी वर्षं तुझ्या मागे हिंडलो, आज पहिल्यांदा तुझी कीव आली.

संध्याकाळी उमेश आला. बसला, आमची चौकशी केली, विडी पुढे केली. मग मुद्द्यावर आला. देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, आणि त्यात शपथ घ्यायची, की ते व्हाळाचं गाणं मी पुन्हा कुठेच म्हणणार नाही. मग कौल उजवा पडेल याची त्याला खात्री होती. आपल्या जीपनं तो मला चिरेगाळात नेऊन सोडणार होता.

"भजन म्हणा थंय. दोन वाडये एकत्र बसतत तर माका आनंदच आसा," तो म्हणाला. "माका काय भांडणा होयी आसत? फक्त ता एक गाणा सोडा."

तो गेल्यावर दिगूनं विषय काढला. त्याच्या घरी बायको एकटी होती. तो म्हणाला, घे शपथ. गाणं काय, तू दुसरं बांधशील. चिरेगाळात आपण गेलोच नाही, तर ते लोक पुन्हा कधी एका जागी बसायचे नाहीत. मी म्हटलं, ते गाणं नसेल तर बसून तरी काय करतील? टाळ्या वाजवून उठतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयते काढतील. दिगू म्हणाला, तुझं गाणं म्हणजे काय वेद आहे? मी त्याला नको ते बोललो. आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवार उजाडला तसा माझा धीर सुटला. चिरेगाळात आता मांडव घातला असेल, सतरंज्या कुठल्या वाडीच्या यावरून एव्हाना बाचाबाची झाली असेल, हेच डोळ्यांपुढे येत होतं. दोन्ही वाड्यांचे म्हातारे मला मुलासारखे मानायचे. संध्याकाळी ते वाट बघून उठले, की मी पुन्हा कुठल्या तोंडानं जाणार? दुपारी मी शाणूला निरोप पाठवला. शपथ घेतो म्हणून. मला रडू येत होतं आणि मी ते दिगूपासूनही लपवलं नाही.

सगळं गाव देवळात जमलं. ड्रायव्हर खांबांना टेकून उभे होते. मानकऱ्याच्या जागेवर, देवाच्या उजव्या हाताला, उमेश. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उघड्यावर केलेलं बोलणं. एकानं मागायचं, आणि प्रत्येक मागणीला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात आधी आवाज मानकऱ्याचा निघतो, मग गावाचा. तो त्याचा मान. मानकरी गप्प राहिला तर त्याच्या घराचा मान तिथेच संपला.

शाणूनं मला पुढे उभं केलं. मी हात जोडले आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, ह्या गावच्या राखणदारा म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," उमेश म्हणाला. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

मग रीतीप्रमाणे गावाच्या हद्दी घ्यायच्या. डोंगर घेतला, पाणंद घेतली, आणि व्हाळाच्या नावाशी आलो. इथून पुढे शपथ होती. शब्द मी सकाळपासून घोकले होते. पण व्हाळाचं नाव तोंडात आलं आणि साकवावरची ती हंडा घेऊन उभी राहिलेली बाई डोळ्यांपुढे आली. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"ह्या व्हाळाचा पाणी तांबडा झाला, ता पयल्यासारखा नितळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." उमेशचा आवाज माझ्या ओळीला चिकटूनच आला. लहानपणापासूनची सवय, जीभ आधी हलते. गाव त्याच्यामागून गरजलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण एकदा म्हटलेलं "व्हय म्हाराजा" परत घेता येत नाही.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर घाबरलो असतो.

"ही डंपरार बसणारी पोरां, घाटातसून रोज सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा. तेंच्या हातान कोणाक इजा होव दी नको, आणि कोणाच्या हातान तेंका होव दी नको."

या खेपेस उमेश क्षणभर थांबला. सगळं देऊळ त्याच्या तोंडाकडे बघत होतं. खांबाला टेकलेला एक ड्रायव्हर सरळ उभा राहिला. मग उमेश म्हणाला, नेहमीपेक्षा हळू, "व्हय म्हाराजा." ड्रायव्हरांनीही म्हटलं. माझ्या कानांनी ऐकलं.

"माका आता जावक दी. आणि माझा गाणा माझ्या तोंडात रवांदे. व्हय म्हाराजा?"

उमेशनं तोंड उघडायच्या आधीच गावानं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

शाणूनं पाकळ्या लावल्या. हात लावून तो झटकन मागे सरला नाही, तिथेच उभा राहिला. उजवी पाकळी सुटून देवाच्या पायाशी पडली.

उमेशची जीप दारात उभी होती, पण त्यानं बसा म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शाणू पुढे झाला. घाटाच्या रस्त्यानं न नेता त्यानं आम्हाला व्हाळाच्या काठाकाठानं, करवंदीच्या जाळ्यांतून नेलं. चिरेगाळचा डोंगर दिसू लागला तिथे तो थांबला. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तोच बोलला.

"तुमी इलात त्या दिवशी घाटाच्या दुसऱ्या वळणार डंपर लावून ठेवलेलो. पोरां पियालेली. बुवाक परत जावक देवचा नाय, असा बोलताना मी कानान ऐकलंय. उमेशान सांगलेला की नाय, ता माका म्हायत नाय."

दिगूनं पखवाज खाली ठेवला.

"आणि काल?" मी विचारलं.

"कालय होतो. साकवाच्या पलीकडे."

सुलोचनावैनी बाजूला झाली होती, वाट देऊन. तिला ठाऊक होतं पलीकडे काय आहे. मी पाय मागे घेईन, या भरवशावर तिनं माझा जीव पणाला लावला होता.

"आज देवासमोर तेंनीच म्हटल्यानी, आमच्या हातान कोणाक इजा नको म्हणान," शाणू म्हणाला. "आता हात लावूचे नाय."

मी विचारलं, मग पाकळी? ती कशी काय प्रत्येक वेळी?

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "पाकळी माझ्या हातात नाय बुवांनू. खंयच्या पाकळयेक पाणी किती लावूचा, तेवढाच माझ्या हातात."

एवढं बोलून तो वळला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, पण तोवर तो जाळीत शिरला होता.

दिवेलागणीला आम्ही चिरेगाळात पोचलो. दोन वाड्या मांडवाच्या दोन टोकांना बसल्या होत्या, मधे मोकळी सतरंजी. माझ्याच्यानं सूर लागत नव्हता. शेवटचं कडवं दिगूनंच उचललं, त्याचा आवाज कधीच चांगला नव्हता, तरी. त्या गावाचं पुढे बरं झालं. दोन्ही वाड्या मिळून व्हाळासाठी कोर्टात गेल्या, अजून जातात.

कुंभगाळला मी नंतर बरीच वर्षं गेलो नाही. लाज वाटायची की भीती, सांगता येत नाही. शेवटी गावानंच बोलावलं. खाणीचं काम थांबलं होतं, उमेशनं डंपर विकले होते, आणि व्हाळाचं गाणं ऐकायचं आहे असं निरोपात म्हटलं होतं. दिगू तोवर वारला होता. मी नव्या पखवाजवाल्याला घेऊन गेलो.

गाभाऱ्यात दुसराच गुरव होता, शाणूचा पुतण्या. शाणू कुठे म्हणून विचारलं तर लोकांनी बाहेर बोट केलं. तो देवळाच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता. पार म्हातारा झाला होता. त्या शनिवारी परत येऊन त्यानं देवाची आंघोळ, पूजा, कौल, सगळं पुतण्याच्या हवाली केलं होतं. त्या दिवसापासून देवाच्या अंगाला हात लावला नव्हता, देवळाची वरची पायरीही चढला नव्हता. कारण विचारलं की म्हणे, हात थरथरतात. गावाला ते खरं वाटलं होतं. मला आणि सुलोचनावैनीला तेवढं माहीत होतं, की ते हात थरथरत नव्हते.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, तुझ्यामुळे मी जिवंत आहे, तू असा बाहेर का बसतोस? देवानं तुला कधीच माफ केलं असेल.

"देवान माका काय म्हटलेलाच नाय," तो म्हणाला. "म्हणूनच बसतंय."

आतून हाक आली. गाणं म्हणायच्या आधी कौल घ्यायचा होता, या देवळात त्याला मिळालेला जुना नकार अजून उभा आहे का म्हणून. मी आत गेलो. पुतण्यानं पाकळ्या लावल्या. पोरगा नीट, सरळ हातांनी लावत होता, दोन्हीकडे सारखं पाणी. मी पाकळ्यांवर नजर ठेवून उभा होतो. उजवी पाकळी पडली.

मी धावतच बाहेर आलो. शाणूनं वर बघितलं.

"खंयची?"

"उजवी," मी म्हटलं.

"आपसूक?"

"आपसूक. मी बघित होतंय."

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

"मगे तुमका वाचवूक त्या दिवशीय आपसूक पडली असती डावी," तो म्हणाला. "मी देवार सोडूक होया होता."

मी आत गेलो, पेटी उचलली आणि दारापाशी, त्याच्याकडे तोंड करून बसलो. पुतण्या म्हणाला, बुवा, देवाला पाठ होते. मी म्हटलं होऊ दे, आणि सूर धरला.